चार मजले आणि एक प्रिंटर

आमच्याकडे कोणी पाहुणा आला आणि हॉलमधल्या प्रिंटरकडे बघून त्याने सहज "चालतो का?" असं विचारलं, की त्याचा चहा थंड होणार हे ठरलेलं. कारण "चालतो" एवढं सांगून आमच्यातलं कोणीच थांबत नाही. एक जण एक किस्सा सांगतो, दुसरा म्हणतो तसं नाही, असं झालं होतं, आणि तेवढ्यात तिसऱ्याला आणखी एक आठवतो. टीव्ही, फ्रिज, गाड्या यांचे असे किस्से आमच्याकडे नाहीत. त्या वस्तू ज्याच्या त्याच्या आहेत. प्रिंटर मात्र सगळ्यांत मिळून एकच आहे.

आधी घर सांगते. ठाणे-भिवंडी रस्त्यावर कशेळीला खाडीच्या जवळ आमचं घर, तळमजला धरून चार मजल्यांचं. तळाला माझे सासरे, त्यांना आम्ही बाबा म्हणतो. सासूबाई जाऊन बरीच वर्षं झाली. माझी नणंद कविता लग्नाआधी बाबांसोबत खालीच राहायची. पहिल्या मजल्यावर मी, माझे मिस्टर आणि आमची मुलगी ऋतुजा. दुसऱ्यावर धाकटा दीर नितीन आणि जाऊ पल्लवी. सगळ्यात वर आमचे भाडेकरू शकीलभाई, त्यांची बायको आणि मुलगी. शकीलभाई भिवंडीत निजामपुऱ्यात लूमवर सुपरवायझर आहेत. आधी राहायलाही तिकडेच होते, पण लूमच्या खडखडाटात मुलीचा अभ्यास होईना म्हणून इकडे आले.

दोघे भाऊ गोडाऊनच्या धंद्यात, पण वेगवेगळ्या ठिकाणी. पल्लवी घरी ब्लाउज शिवते आणि ऑनलाइन विकते. मी सकाळी बालवाडीत शिकवते आणि दुपारपासून घरी असते. म्हणून प्रिंटर माझ्या हॉलमध्ये. हा निर्णय नितीनचा. मला कोणी विचारलं नव्हतं.

* * *

प्रिंटर नवा होता तेव्हा तो वायरने आमच्या पीसीला जोडलेला होता. नितीनने पीसीत काहीतरी सेटिंग करून तो सगळ्यांना शेअर करून दिला. म्हणजे नितीनने त्याच्या लॅपटॉपवरून किंवा पल्लवीने तिच्या कॉम्प्युटरवरून प्रिंट दिली, की ती वाय-फायने आधी आमच्या पीसीकडे यायची आणि मग पीसी प्रिंटरला सांगायचा. अट एकच. आमचा पीसी चालू पाहिजे.

तो चालू करायचं काम अर्थातच माझं. वरून हाक यायची, "ताई, पीसी लावता का जरा?" मी भाकरी थापता थापता उठायची आणि पिठाच्या बोटानेच बटण दाबायची. ते बटण मुळात काळं होतं हे ऋतुजाला बरेच दिवस माहीत नव्हतं.

एकदा दिवाळीच्या सुट्टीत मी ऋतुजाला घेऊन माहेरी वज्रेश्वरीला गेले. जाताना गॅस बंद केला, गिझर बंद केला, पीसी बंद केला. माझे मिस्टर घरीच होते, पण ते आल्यावर जेवतात आणि झोपतात. पीसीला हात लावणाऱ्यांतले ते नाहीत.

इकडे मी नाही, पीसी बंद, आणि बाकीचे प्रिंट देतायत. निघाली नाही की परत देतायत. तरी नाही निघाली की नितीन बटण जोरात दाबतोय.

सुट्टी संपली. भिवंडीपर्यंत एसटी, पुढे रिक्षा करून आम्ही घरी पोचलो. बॅगा ठेवल्या, चहा टाकला आणि सवयीने जाता जाता पीसीचं बटण दाबलं. थोड्या वेळाने प्रिंटर जो सुटला तो थांबेचना. पल्लवीच्या एकाच पार्सलची पावती परत परत. नितीनच्या गाडीचा इन्शुरन्स, परत इन्शुरन्स, परत इन्शुरन्स. कविताला कुठल्याशा परीक्षेचं हॉलतिकीट हवं होतं, ती परीक्षा देऊनसुद्धा आली होती, तेही निघालं. ऋतुजा सोफ्यावर चढून टाळ्या वाजवत होती.

आवाज ऐकून पल्लवी धावत खाली आली. दोघी जमिनीवर बसून कागद गोळा करत होतो. ती म्हणाली, "ताई, तुम्ही नव्हता ना, घराचा मेन स्विचच बंद होता."

त्याच संध्याकाळी नितीनने वायर काढली आणि प्रिंटर सरळ वाय-फायवर घेतला. ती सोय त्यात पहिल्यापासून होती, कोणी बघितलीच नव्हती. आता कोणाचाही पीसी चालू लागत नाही, फोनवरूनसुद्धा प्रिंट जाते. पल्लवी म्हणाली, "आता प्रिंटर वर नेऊ का? तुमचा त्रास वाचेल."

मी नको म्हटलं. त्या निमित्ताने घरातलं प्रत्येक माणूस एकदा तरी माझ्या हॉलमध्ये येऊन जातं.

* * *

चार मजल्यांनी प्रिंट काढल्या तर शाई टिकणार कशी? आणि संपते तीही नेमकी एकच. बाकीच्या भरलेल्या, निळी संपली.

ऋतुजा तेव्हा सहावीत होती. भूगोलाच्या प्रोजेक्टला कोकण किनारपट्टीचा रंगीत नकाशा हवा होता. तिने प्रिंट दिली आणि नकाशा आला तो असा, की जमीन पिवळीधमक आणि समुद्र गुलाबी. प्रोजेक्ट दुसऱ्या दिवशी द्यायचं होतं. मी म्हटलं, "खडूने निळा कर." ती म्हणाली, "घाण दिसेल." आणि तसाच चिकटवून नेला.

वर्गात सरांनी तिला उभं केलं. "ऋतुजा, समुद्र गुलाबी असतो का?"

ही शांतपणे म्हणाली, "सर, समुद्राचं माहीत नाही. आमच्याकडची खाडी कधी कधी असते."

सर रोज खाडीचा पूल ओलांडून शाळेत येतात, डाइंगवाल्यांनी सोडलेलं रंगीत पाणी त्यांनीही बघितलेलं. वही परत आली तेव्हा नकाशाखाली लाल शाईत शेरा होता, "निरीक्षण चांगले."

* * *

शकीलभाई फार भिडस्त. आमच्या वाय-फायचा पासवर्ड आम्हीच त्यांना बोलावून दिला. पण प्रिंट दिली तरी कागद न्यायला ते आमच्या दारात यायचे नाहीत, बायकामाणसं घरात आहेत म्हणून. मग मी एक पद्धत पाडली. त्यांचा कागद निघाला की जिन्याच्या कठड्याला कपड्याच्या चिमट्याने लावून ठेवायचा, ते येता जाता घेऊन जातील.

रमजान जवळ आला. त्यांनी महिन्याभराचं रोज्यांचं टाइमटेबल प्रिंट केलं, पहाटेची सहेरी किती वाजेपर्यंत आणि संध्याकाळचा इफ्तार किती वाजता. मी नेहमीसारखं चिमट्याला लावलं आणि कामाला लागले.

थोड्या वेळाने बाबा जिन्यापाशी आले. त्यांना दिसले ते आकडे. रोजची तारीख आणि पुढे दोन वेळा, एक सकाळची, एक संध्याकाळची. वरचा मथळा उर्दूत होता, पण त्याने त्यांना काही शंका आली नाही. भिवंडीचा कागद, उर्दूत असणारच. त्यांनी तो काढून नेला आणि पाण्याच्या मोटारीच्या स्विचशेजारी भिंतीला चिकटवला. मला म्हणाले, "पान्याचा टाइमटेबल आलाय. आता बरोबर होईल सगला."

कागद दिसला नाही म्हणून शकीलभाईंनी गुपचूप दुसरी प्रिंट काढली. विषय तिथे संपला असता. पण दुसऱ्या दिवसापासून बाबा अंधारात उठून मोटार लावायला लागले. आणि पाणी यायला लागलं. येणारच, त्या वेळेला आमच्या गल्लीत दुसरं कोणी मोटार लावतच नाही. टाकी भरून वाहायला लागली. बाबा सगळ्यांना कागद दाखवायचे. "रोज मिनिटा-मिनिटाचा फरक दिलाय बघ. असा हिशोब पायजे."

वरच्या मजल्यावर शकीलभाई सहेरीला उठलेले असत. रोज त्याच वेळेला खालून मोटारीचा आवाज येतो म्हणून एकदा ते उतरले. बाबा स्विचपाशी खुर्ची टाकून बसलेले.

"बाबा, आप भी रोज़ा रख रहे हैं?"

"रोजा कसला रे, टाकी भरतो. तुझ्या बायकोला सकालचा पानी कमी पडाया नको."

शकीलभाईंनी भिंतीवरचा कागद बघितला. त्यांच्या सगळं लक्षात आलं, पण कागद त्यांनी तसाच राहू दिला. वर जाऊन बायकोला सांगितलं असणार. कारण त्या दिवसापासून संध्याकाळी बाबा मोटार लावायला बसले, की वरून त्यांची मुलगी एका बशीत खजूर आणि भजी घेऊन यायची. बाबांना ते फार आवडलं. कागदावरच्या वेळेला पाणीही येतं आणि खायलाही येतं.

ईद झाली. तक्ता संपला. कागद उर्दूत, म्हणून बाबांनी जिन्यात शकीलभाईंना गाठलं. "पुढच्या महिन्याचा कागद कवा येल?"

शकीलभाई हसू दाबत म्हणाले, "बाबा, ये तो साल में एक ही महीना आता है."

बाबा विचारात पडले. "मंग बाकीचे अकरा महिने आपुन पियाचा काय?"

* * *

हा किस्सा लहानसा आहे, पण पल्लवीला सांगायला आवडतो.

आमच्याकडे पाठकोरा कागद टाकत नाहीत. एका बाजूने छापलेले सगळे कागद प्रिंटरच्या ट्रेमध्ये उलटे जातात. पल्लवीच्या पार्सलमधल्या पावत्या त्याच कागदांवर निघतात. एकदा तिला नागपूरच्या एका बाईंचा फोन आला. पल्लवीला वाटलं, ब्लाउज घट्ट झाला.

"ब्लाउज छान बसला," बाई म्हणाल्या. "पण त्या पावतीच्या मागे निबंध आहे ना सहलीचा. 'आम्ही वज्रेश्वरीच्या गरम कुंडात पाय टाकला आणि तेवढ्यात' इथे पान संपतंय. पुढचं पान नाही आलं. तेवढ्यात काय झालं?"

पल्लवीने फोन हातात धरून जिन्यातूनच ऋतुजाला हाक मारली आणि विचारलं. ऋतुजा म्हणाली, "काही नाही, पाय काढला."

* * *

पल्लवीचं आणि माझं एकदा चांगलंच बिनसलं होतं. घरात सगळ्यांना माहीत आहे, म्हणून सांगायला हरकत नाही.

आमच्या गच्चीवर बोंबील वाळत घालायची जुनी पद्धत. बाबांना विकतचे सुके बोंबील चालत नाहीत. त्याच गच्चीवर पल्लवी ब्लाउजचं अस्तर धुऊन वाळत घालायची. व्हायचं तेच झालं. एका गिऱ्हाइकाने ब्लाउज परत पाठवला, वास येतो म्हणून. पल्लवी ते पार्सल घेऊनच माझ्याकडे आली आणि म्हणाली, "ताई, तुमच्या बोंबलांनी माझं गिऱ्हाईक गेलं."

मी म्हटलं, "बोंबील या घरात तुझ्या आधीपासून आहेत."

झालं. बोलणं बंद. तिच्या मजल्यावरची मिक्सरची घरघर ऐकू यायची, पण तिचा आवाज नाही. जेवताना नितीन एकटाच खाली येऊन गप्पा मारून जायचा. आमच्या मिस्टरांनी मध्ये पडायचा एकदा प्रयत्न केला आणि दोघींकडून ऐकून घेतलं.

पण प्रिंटर माझ्या हॉलमध्ये. पावत्या तर काढायलाच हव्यात. ती यायची, प्रिंटरकडे बघायची, कागद घ्यायची आणि जायची. मी तोवर भाजी निवडत टीव्हीकडे बघत बसायची. टीव्ही बंद असायचा.

एक दिवस तिने ब्लाउजला लावायच्या चिठ्ठ्या काढायला जाड कार्ड घातलं, आणि ते आत अडकलं. आमच्या प्रिंटरचं मागचं झाकण उचललं तर उभं राहत नाही, सोडलं की पडतं. एकाने धरायचं आणि दुसऱ्याने कागद ओढायचा, असंच ते काम आहे. पल्लवीने कोपराने झाकण धरून बघितलं. मग हनुवटीने धरून बघितलं. झाकण दोनदा तिच्या बोटांवर पडलं. तिने फक्त बोट तोंडात घातलं.

मी गवारीची परडी बाजूला ठेवली, उठले आणि झाकण धरलं.

ती ओढायला लागली. मी दुसरीकडे बघत होते. कार्ड फाटलं, अर्धं आतच राहिलं.

"घट्ट धरा," ती म्हणाली.

"धरलंय."

"अजून वर."

"एवढंच जातं. तू डावीकडून ओढ."

"डावीकडे हात जात नाही. बांगडी अडकते."

"मग काढ ना बांगडी."

तिने बांगडी काढून माझ्या दुसऱ्या हातात दिली आणि कार्ड बाहेर आलं. दोघींचे हात काळे झाले होते. मोरीवर एकाच नळाखाली हात धुताना तिने विचारलं, "आज जेवायला काय केलंय?"

मी म्हटलं, "बोंबील."

"मग येते," ती म्हणाली.

आता बोंबलांची दोरी खाडीच्या बाजूला आहे आणि अस्तरांची रस्त्याच्या बाजूला. अस्तरावर ट्रेलरची धूळ बसते. पण त्यावर आम्ही दोघी मिळून चिडतो.

* * *

कविताचं लग्न एकदा मोडलं होतं. साखरपुडा झाला होता, हॉल बघून ठेवला होता, आणि समोरच्यांनी नाही म्हणून सांगितलं. कारण कधी कळलं नाही. नात्यात सगळ्यांना ते माहीत झालं. त्यानंतर कोणी बघायला यायचं म्हटलं, की कविता म्हणायची, "वहिनी, परत कशाला?" पुढे एक स्थळ आलं, मुलगा आणि त्याची आई दोघंही शांत स्वभावाची असं ऐकलं. मी आणि पल्लवीने तिला कसंबसं तयार केलं. ती म्हणाली, "ठीक आहे. पण हे शेवटचं."

कार्यक्रम आमच्या हॉलमध्ये. खाली जागा कमी, आणि माझा सोफा नवा.

मुलगा, त्याची आई आणि एक मामा आले. मुलगा आल्यापासून एक शब्द बोलला नव्हता, चहाच्या कपाकडे बघत बसला होता. मामाच बोलत होते. कविता ट्रे ठेवून समोर बसली. तिच्या आवडीनिवडी विचारल्या. ती केक छान करते असं मी सांगितलं. मुलाची आई म्हणाली, "फोटो आहेत का?"

फोटो नितीनच्या लॅपटॉपवर होते. नितीन नुकताच गोडाऊनवरून आला होता. त्याने बॅगेतून लॅपटॉप काढला, उघडला. आता यात काय झालं होतं ते सांगते. त्याच्या गोडाऊनला काचसामान येतं. खोक्यांवर चिकटवायच्या सूचना त्याने सकाळी तिथे प्रिंटला दिल्या होत्या, पण लॅपटॉपवर निवडलेला होता घरचा प्रिंटर. तिथे काहीच निघालं नाही म्हणून त्याने दुसरीकडून काढून घेतल्या आणि विसरून गेला. लॅपटॉप विसरला नव्हता. घरचं वाय-फाय मिळाल्याबरोबर त्याने सगळ्या सूचना प्रिंटरकडे पाठवल्या.

कोपऱ्यात प्रिंटर घरघरला. मोठ्या ठळक अक्षरांत पहिला कागद बाहेर आला आणि घसरून मामांच्या पायाशी पडला. मामांनी उचलून मोठ्याने वाचला. "नाजूक वस्तू. सांभाळून उचलावी."

पल्लवीने ओठ चावला. मामा हसले. वातावरण जरा हलकं झालं.

दुसरा कागद आला. मामांनी तोही वाचला, "वर दुसरे ओझे ठेवू नये." मुलाची आई म्हणाली, "हे बरोबर आहे हो." आता सगळेच हसत होते. मी उठून प्रिंटरकडे निघाले, पण तिसरा कागद मामांच्या हातात पोचला होता. त्यांनी त्याच सुरात वाचायला सुरुवात केली आणि शेवटच्या शब्दांपर्यंत त्यांचा आवाज खाली गेला.

"एकदा ताब्यात घेतलेली वस्तू परत घेतली जाणार नाही."

कोणी हसलं नाही. साखरपुड्याचं त्यांनाही माहीत होतं, आम्हीच सांगितलं होतं. बाबा खिडकीबाहेर बघायला लागले. नितीनने लॅपटॉप मिटला. कविता मान खाली घालून पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. मला वाटलं, आता ही उठून आत जाणार, आणि पुन्हा कधी बाहेर येणार नाही.

मुलाने कप खाली ठेवला. आल्यापासून तो पहिल्यांदा बोलला, आणि मामांशी नाही, कविताशी.

"आम्ही परत देणारच नाही," तो म्हणाला.

कविताने मान वर केली. आधी तिला कळलंच नाही. मग ती हसली, आणि हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी आलं.

लग्नात नितीनने आहेराच्या खोक्यावर तो पहिला कागद चिकटवला होता. कल्याणला कविताच्या सासरी कपाटाच्या आतल्या बाजूला तो अजून आहे.

* * *

कविता सासरी गेल्यावर बाबा खाली एकटे झाले. जेवण वरून जातं, आम्ही येता जाता डोकावतो, पण गुडघे दुखतात म्हणून ते स्वतः जिना चढत नाहीत. फोन आहे. फोन केला तर कोणी उचलत नाही, ही त्यांची कायमची तक्रार. ती खोटी नाही. नितीनचा फोन सदान्कदा बिझी, गोडाऊनच्या पत्र्याखाली आमच्या मिस्टरांना रेंज नाही, आणि माझा चार्जिंगला.

ऋतुजाने त्यांना फोनमधला फोटो प्रिंट कसा करायचा ते शिकवलं होतं. देवाच्या फोटोसाठी म्हणून शिकवलं. बाबांनी त्याचा उपयोग वेगळाच केला. एका दुपारी हॉलमध्ये प्रिंटर चालू झाला आणि कागदावर आला रिकाम्या कपाचा फोटो. मी आणि पल्लवी बघतच राहिलो. मग पल्लवी म्हणाली, "ताई, चहा हवाय त्यांना."

मी चहा घेऊन खाली गेले. बाबा खुशीत होते. "फोन वाजला त कुनी बघत न्हाय. तो मशीन वाजला का सगल्या धावता."

मग ते सुरूच झालं. काळ्या पडलेल्या टीव्हीचा फोटो, म्हणजे केबल गेली. ओट्यावर बसलेल्या मांजरीचा फोटो, म्हणजे हिला हाकला. एकदा नुसत्या दाराचा फोटो आला. काय पाहिजे ते कळेना म्हणून मी खाली गेले, तर ते म्हणाले, "काय न्हाय. सकालपासून कुनी आला न्हाय."

नितीन एकदा म्हणाला, "बाबा, कागद किती जातो."

बाबा म्हणाले, "मंग तू येत जा."

त्यानंतर नितीन रोज कामावर जाताना आधी खाली दहा मिनिटं बसायला लागला.

उन्हाळ्यातली गोष्ट. दुपारी पल्लवी पावत्या न्यायला आली होती. तिच्या पावत्या निघून झाल्या आणि प्रिंटर पुन्हा चालू झाला. तिने कागद घेतला. "ताई, बाबांचं काहीतरी आलंय."

निळसर लाद्यांचा फोटो होता, तिरका, आणि वरच्या कोपऱ्यात काहीतरी पांढरं. मी म्हटलं, "चुकून दाबलं गेलं असेल."

पल्लवी कागद फिरवून फिरवून बघत होती. "ही लादी त्यांच्या बाथरूमची ना?"

"हो."

"मग हे पांढरं काय?"

मी जवळ जाऊन बघितलं. "बेसिन असेल."

"बेसिनची खालची बाजू आहे ही," ती म्हणाली. मग तिने माझ्याकडे बघितलं. "ताई, बेसिन असं खालून कधी दिसतं?"

जिना आम्ही कसा उतरलो ते दोघींनाही आठवत नाही.

बाथरूमची कडी लावलेली नव्हती. बाबा लादीवर एका कुशीवर पडले होते. पाय खाली दुमडलेला, बंडी भिजलेली, ओठ कोरडे. फोन हातात घट्ट. पल्लवी वर तोंड करून शकीलभाईंना हाका मारत होती. त्यांची रात्रीची ड्युटी झालेली, ते झोपेतून तसेच अनवाणी खाली आले, आणि त्यांनीच नंतर बाबांना उचलून गाडीत घातलं. पूल ट्रेलरनी भरलेला होता, तरी ठाण्याला हॉस्पिटलमध्ये वेळेत पोचलो. मांडीच्या हाडाला चीर होती. ऑपरेशन लागलं नाही. बरेच दिवस पलंगावर काढले, आता काठी घेऊन अंगणात फिरतात आणि आम्हाला कामं सांगतात. माझ्या फोनवर त्यांचे तीन मिस कॉल होते. ते मी हॉस्पिटलमध्ये बघितले.

पण हे सगळं नंतरचं. त्या वेळी दारात उभं असताना आम्हाला काहीच माहीत नव्हतं. डोळे मिटलेले होते. मी खाली बसले, त्यांचा गाल थोपटला आणि हाक मारली. पल्लवीने त्यांचं डोकं मांडीवर घेतलं.

"बाबा, ऐकताय ना? कुठे दुखतंय?"

त्यांनी डोळे उघडले. आधी माझ्याकडे बघितलं, मग पल्लवीकडे. तिच्या हातात तो कागद तसाच होता. त्यांची नजर कागदावर थांबली. ओठ हलले, पण आवाज फुटेना, म्हणून मी कान जवळ नेला.

"फोटो हालला त न्हाय ना?" बाबांनी विचारलं.